नाट्यपदं शिकवता, संगीत नाटक कोण शिकवणार?

संगीत नाटक मागे का पडलं, या प्रश्नाची ठरलेली उत्तरं आपल्याकडे आहेत. बोलपट आले, नाटक कंपन्या कर्जात बुडाल्या, रात्रभर बसून पदं ऐकायला लोकांना सवड उरली नाही. ही कारणं खोटी नाहीत. पण ती आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळातली आहेत. आजची परिस्थिती वेगळी आहे. पुण्या-मुंबईत, सांगली-कोल्हापुरात, रत्नागिरीत, फोंड्यात नाट्यसंगीत शिकणारी मुलंमुली भरपूर आहेत. दिवाळी पहाटेला नाट्यपदांचे कार्यक्रम भरगच्च चालतात. पदं जिवंत आहेत, गळे तयार आहेत, ऐकणारेही आहेत. तरी किर्लोस्करांचं 'सौभद्र'सारखं सबंध संगीत नाटक उभं करायचं म्हटलं की दिग्दर्शकाची पंचाईत होते. गाता येणारा अर्जुन मिळतो, पण तो बोलायला लागला की प्रेक्षक घड्याळाकडे बघतात. बोलता येणारा अर्जुन मिळतो, त्याला पट्टीत उभं राहता येत नाही.

याचं कारण मला शिकवण्यात दिसतं. आपण नाट्यपदं शिकवतो, संगीत नाटक शिकवत नाही. गायनाच्या वर्गात गाणं आणि नाट्यशिबिरात अभिनय अशी आपण वाटणी करून टाकली, आणि या दोहोंच्या मधलं जे खरं कौशल्य, त्याला शिक्षकच उरला नाही.

गायनाच्या वर्गात काय होतं ते पाहू. 'नाथ हा माझा' शिकवलं जातं ते यमन पक्का व्हावा म्हणून. शिकवणाऱ्या बाई किंवा बुवा आधी स्थायी घोटून घेतात, मग अंतरा, मग बालगंधर्वांनी घेतलेल्या जागा, मग झेपतील तशा ताना. विद्यार्थिनी मांडी घालून बसलेली, डोळे मिटलेले, हात मांडीवर ताल धरतोय. वर्षाच्या शेवटी ती हे पद फार गोड म्हणते. तिला विचारावं की हे म्हणणारी रुक्मिणी कुठे उभी आहे, शिशुपाल तिचा कोण लागतो, या क्षणी तिला कशाची धास्ती आहे, तर बहुतेक वेळा उत्तर येत नाही. तिचा दोष नाही. 'स्वयंवर' हे खाडिलकरांचं १९१६ सालचं नाटक तिच्या हातात कुणी ठेवलेलंच नसतं. हातात असते पदांची वही.

उलट नाट्यशिबिरात मुलं पाठांतर, वावर, उत्स्फूर्त प्रसंग, आवाजाची फेक असं सगळं करतात, पण सूर तिथे येत नाही. आला तरी ध्वनिमुद्रित पार्श्वसंगीत म्हणून येतो. दोन्हीकडचे शिक्षक आपापल्या जागी जीव तोडून शिकवतात. प्रश्न मधल्या जागेचा आहे.

ही मधली जागा म्हणजेच मराठी संगीत नाटक. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हापासून पुढची कित्येक वर्षं पदं म्हणायची ती सूत्रधाराने. पात्रं पुढे येऊन हावभाव करायची आणि आयत्या वेळी सुचेल ते गद्य बोलायची. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल'चे पहिले चार अंक केले, आणि त्यातली क्रांती ही होती की पदं पात्रांच्या तोंडी गेली. दुष्यंताला जे वाटतं ते दुष्यंतच गाऊ लागला. बोलता बोलता माणूस गातो आणि गाता गाता पुन्हा बोलायला लागतो, हे लोकांनी पाहिलं आणि त्यांना ते पटलं. त्या नाटकात दोनशेच्या आसपास पदं होती. बरीचशी साकी, दिंडी, कामदा अशा चालींची, चार ओळींची, संवादात सहज मिसळणारी. म्हणजे गाणं आणि बोलणं एकाच नटाच्या अंगात आणणं, हाच या प्रकाराचा जन्म. ते दोन वेगवेगळ्या वर्गांत वाटून देणं म्हणजे १८८० च्याही मागे जाणं आहे.

"जुन्या काळी कुठे होते वर्ग? ती माणसंच दैवी होती," असं यावर हमखास ऐकायला मिळतं. मला हे म्हणणं मान्य नाही, आणि त्या माणसांच्या कष्टांवर ते अन्याय करणारं आहे असंही वाटतं. किर्लोस्कर नाटक मंडळी ही एक शाळाच होती. गोविंद बल्लाळ देवल तिथे तालीम देत. 'शारदा' आणि 'संशयकल्लोळ' लिहिणारा हा नाटककार आधी तालीममास्तर होता. वाक्य कुठे तोडायचं, कुठे थांबायचं, पदातला कुठला शब्द प्रेक्षकापर्यंत पोचलाच पाहिजे, हे तो नटाकडून घोटून घेई. १९०५ साली कंपनीत आलेल्या नारायण राजहंसांचा, म्हणजे बालगंधर्वांचा, गळा उपजत होता, हे खरंच. पण त्या गळ्याला वळण दिलं ते तालमींनी आणि पुढे भास्करबुवा बखल्यांनी. 'स्वयंवर'च्या चाली भास्करबुवांच्या. गवई आणि नट एका छताखाली राहत होते, रोज भेटत होते, एकाच प्रयोगाचा विचार करत होते. बालगंधर्व घडले त्यात दैवाचा वाटा असेल, पण रोजच्या शिकवणीचा वाटा त्याहून मोठा आहे.

अर्थात ती शाळा जशीच्या तशी परत आणावी, असं मी म्हणणार नाही. आठ-दहा वर्षांची पोरं घर सोडून कंपनीत यायची, लिहिणं-वाचणं सुटायचं, आणि मिसरूड फुटायच्या सुमाराला आवाज फुटला की त्यांच्या पायाखालची जमीन सरकायची. खुद्द भास्करबुवा लहानपणी किर्लोस्कर मंडळीत होते, आवाज फुटल्यावर त्यांना ती वाट सोडावी लागली. पुढे फैज महंमद खाँ, नत्थन खाँ, अल्लादिया खाँ यांच्यापाशी शिकून ते मोठे गवई झाले, म्हणून त्यांची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. ज्यांना असे गुरू मिळाले नाहीत अशी मुलं किती असतील, त्यांची नोंदही नाही. मुलाचा आवाज वयात येताना जवळजवळ सप्तकभर खाली उतरतो. त्या महिन्यांत वरच्या पट्टीत ताणून गायला लावलं तर गळ्याची हानी होते. हे आज आपल्याला माहीत आहे. जुन्या कंपनीतली एकत्र तालीम घ्यावी आणि आजचं हे ज्ञान त्याला जोडावं, इतकं तर आपण करूच शकतो.

आता त्या मधल्या कौशल्यात नेमकं शिकवण्यासारखं काय आहे, ते सांगतो, कारण "ते अनुभवाने येतं" या एका वाक्यावर सगळी चर्चा थांबते.

एका उन्हाळी शिबिरात मी मागे बसून तालीम पाहत होतो. सुभद्रेचं काम करणारी मुलगी 'वद जाऊ कुणाला शरण' म्हणत होती. बसून म्हटलं तेव्हा निर्दोष. मग शिकवणाऱ्या ताईंनी तिला उभं केलं आणि म्हणाल्या, सखी तिकडे विंगेजवळ आहे, तिच्याकडे जाता जाता सुरू कर. मुलगी चार पावलं चालली आणि दुसऱ्या ओळीला तिचा श्वास संपला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. ताईंनी तिला गाणं थांबवून फक्त चालायला लावलं, मग चालताना नुसती ओळ बोलायला लावली, श्वास कुठे घ्यायचा ते शब्दांवरून ठरवलं, आणि मग ऑर्गनवाल्यांना सांगितलं की तिच्या शेवटच्या वाक्याखालीच सूर धरा. मुलीने ते गद्य वाक्य हळूहळू षड्जाच्या जवळ आणलं आणि पद असं सुरू झालं की ती कधी गायला लागली ते कळलंही नाही. तासाभरात झालं हे. त्या तासाभरात तिने जे मिळवलं, ते आधीच्या दोन-तीन वर्षांच्या गायनाच्या शिकवणीत तिला मिळालं नव्हतं, कारण तिथे ते कुणाच्या मनातही नव्हतं.

गद्यातून पदात जाणं हे असं शिकवता येतं. पदातून गद्यात परत येणं त्याहून अवघड. टाळ्या पडतात, कधी वन्स मोअर येतो, आणि नट एका क्षणात सुभद्रा सोडून गवई होतो. तबला थांबल्यावर पुढचं वाक्य त्याच भावनेत, त्याच दमात उचलायचं, हा सराव करून घ्यावा लागतो. आणि तिसरी गोष्ट, जिच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं, ती म्हणजे ऐकणारा नट. सुभद्रा आपलं दुःख सखीला सांगते आहे. पद पाच मिनिटांचं असेल तर सखीने ती पाच मिनिटं काय करायचं? बहुतेक प्रयोगांत ती पदर चाळवत उभी असते किंवा प्रेक्षकांकडे बघत मान डोलावते. मान डोलावणारी सखी म्हणजे श्रोता झाली, मैत्रीण राहिली नाही. ती खरोखर ऐकत असेल तर गाणारीला प्रत्येक ओळ नव्याने सांगावीशी वाटते, आणि मग तान कुठे घ्यायची नि कुठे गिळायची हे आपोआप ठरतं.

'शारदा' घ्या. 'म्हातारा इतुका न' हे पद मैत्रिणीच्या तोंडी आहे. थेरड्या नवऱ्याची थट्टा आहे ती, आणि ज्या मुलीच्या गळ्यात तो पडणार ती समोरच बसली आहे. हे पद बोलल्यासारखं म्हणायला हवं. त्यात गळ्याची तयारी दाखवायला गेलं की थट्टाही मरते आणि तिच्या तळाशी असलेली भीतीही. पण आमच्या स्पर्धांत या पदाला फारसं कुणी हात लावत नाही, कारण त्यात 'काही नाही'. जिथे ताना आहेत तिथे गुण आहेत. साकी-दिंडीसुद्धा याच कारणाने शिकवल्या जात नाहीत, आणि नाटक तर त्यांच्यावरच उभं असतं.

पट्टीचा, म्हणजे पेटीवरच्या कुठल्या सुराला आपला षड्ज मानून गायचं याचा, प्रश्नही असाच. नायक काळी एक किंवा दोनमध्ये गाणार, नायिका काळी चार-पाचमध्ये. एकाच प्रवेशात दोघांची पदं एकामागून एक आली की ऑर्गनवाल्याला पट्टी बदलावी लागते आणि नटाला दुसऱ्याच्या षड्जातून बाहेर येऊन आपला षड्ज धरावा लागतो, तेही संवाद चालू असताना. एकट्याने तानपुऱ्यासमोर शिकलेल्या मुलाला याचा सराव कुठून असणार? हा धडा किमान दोन विद्यार्थी आणि एक साथीदार असल्याशिवाय शिकवताच येत नाही. म्हणून संगीत नाटकाची शिकवणी एकेकट्याची असून भागत नाही.

उत्तम गवई असल्याशिवाय हे सगळं व्यर्थ आहे, असा एक आक्षेप आहे. 'कट्यार काळजात घुसली'ला वसंतराव देशपांडे लागले, हे मी नाकारत नाही. तिथे गायकी हाच नाटकाचा विषय आहे. पण १९७२ साली पुण्यात 'घाशीराम कोतवाल' उभं राहिलं, त्याची आठवण करून द्यावीशी वाटते. भास्कर चंदावरकरांचं संगीत, कृष्णदेव मुळगुंदांनी बसवलेल्या हालचाली, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन. दिग्दर्शक बालरोगतज्ज्ञ, नाना फडणविसांचं काम करणारे मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ, आणि इतरांपैकीही बरेच जण हौशी. चांगले गाणारे गळे त्यात होते, पण नाटक पेललं ते समूहाने: नाचणाऱ्या, गाणाऱ्या, क्षणात भिंत होणाऱ्या आणि क्षणात मोडणाऱ्या माणसांच्या रांगेने. ते कौशल्य कुणी जन्मतः घेऊन आलं नव्हतं. तालमीत शिकवून आणि घोटून घेऊन ते आलं. साधारण सूर असलेल्या, ताल कळणाऱ्या, अंग चालणाऱ्या तरुणांना शिकवलं तर ते संगीत रंगभूमीवर ताकदीने उभे राहू शकतात, याचा इतका मोठा पुरावा घरात असताना आपण अजून दैवी गळ्यांची वाट पाहत बसलो आहोत.

'घाशीराम'ने दशावतार, खेळे, कीर्तन, तमाशा असं कितीतरी ठिकाणांहून घेतलं. संगीत नाटक म्हणजे फक्त किर्लोस्कर-देवल-खाडिलकर, हा समज शिकवणीत तरी सोडायला हवा. तमाशाच्या फडात गण, गवळण, बतावणी आणि वग यांतून गाणं आणि बोलणं यांची जी ये-जा होते ती इतकी सराईत असते की नाट्यसंगीताच्या विद्यार्थ्यांनी तिथे जाऊन महिनाभर बसावं. सोंगाड्या बोलता बोलता गाण्याची ओळ पकडतो, ढोलकीवाला त्याच्या शब्दावर तोड देतो, आणि प्रसंग पुढे सरकतो. हे फडातले कलावंत शिक्षक म्हणून आपल्या अभ्यासक्रमांत आले पाहिजेत, आणि एखाद्या दिवसाचं प्रात्यक्षिक देऊन परत जाणारे पाहुणे म्हणून नव्हे, तर मानधनावरचे गुरू म्हणून. केशवराव भोसले कोल्हापूरच्या गरीब घरातून आले आणि 'ललितकलादर्श'चे मालक झाले. आज तशा घरातल्या मुलाला महिन्याची शिकवणीची फी, तबलजीचं मानधन आणि शिबिराचे पैसे परवडतील का? नाट्यसंगीत ही ठराविक घरांची मिरास होऊन बसली आहे ती गळ्यांमुळे नव्हे, फीमुळे.

बाहेरच्या जगात हे कसं चालतं? लंडन-न्यूयॉर्ककडच्या नाट्यशाळांत गाणं, अभिनय आणि नृत्य मिळून एकच पदवी घेता येते. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षांत 'म्युझिकल थिएटर' हा स्वतंत्र विषय आहे आणि त्यात मुलाने पात्र होऊन, हालचालींसह गाणं सादर करायचं असतं. त्यांची गाणी आणि आपली पदं यांत फार अंतर आहे. आपला नट रागात जागच्या जागी नवं काही करू शकतो, तिथे स्वरलिपीबाहेर फारसं जाता येत नाही. त्यांचं अनुकरण नको. पण तिन्ही गोष्टी एकत्र तपासणारी परीक्षा दहा वर्षांच्या मुलासाठीही असू शकते, एवढं तरी त्यावरून कळतं. ज्या महाराष्ट्रात गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक ते अलंकार परीक्षांचं जाळं गावोगाव पोचलं, तिथे संगीत नाटकाची अशी परीक्षा रचणं अवघड नाही.

गोव्याचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. दीनानाथ मंगेशकर, ज्योत्स्ना भोळे, जितेंद्र अभिषेकी, रामदास कामत, प्रसाद सावकार ही सगळी नावं त्या चिमुकल्या भूमीची. याचं एक कारण असं की तिथे देवळांच्या जत्रा-उत्सवांत गावकऱ्यांनीच नाटक करायचं ही रीत टिकली. दुकानदार, शिक्षक, बागायतदार रात्री तालमीला जमतात, गावातलाच कुणी पेटी धरतो, जुना जाणता नव्याला उभं राहायला शिकवतो. मुलं विंगेत बसून नाटक पाहत मोठी होतात. पद त्यांच्या कानावर पडतं ते नाटकाच्या पोटात, सुटं नाही. आणि पणजीच्या कला अकादमीत संगीत आणि नाटक दोन्हींचे विभाग आहेत. गावची तालीम आणि अकादमीची शिस्त यांची गाठ घालून द्यायला गोव्याइतकी तयार जमीन दुसरीकडे नाही.

महाराष्ट्रात काय करता येईल? पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र संगीत, नृत्य आणि नाटक तिन्ही शिकवतं. मुंबई विद्यापीठात नाट्यकला अकादमी आहे, लोककला अकादमी आहे. नव्या इमारतीची गरज नाही. दोन वर्षांचा एक अभ्यासक्रम हवा, ज्यात विद्यार्थी दोन संगीत नाटकं नांदीपासून भरतवाक्यापर्यंत सबंध शिकेल, आपल्या पदांबरोबर दुसऱ्याची पदं ऐकण्याचंही काम शिकेल, आणि किमान एका वगात उभा राहील. विद्यावेतन हवं. आणि ऑर्गन वाजवणारे हवेत. नाटकाची साथ करणं हे मैफलीच्या साथीपेक्षा वेगळं काम आहे: संहिता पाठ असावी लागते, नटाचा श्वास ओळखावा लागतो, त्याने ओळ गाळली तर त्याला सावरून घ्यावं लागतं. हे जाणणारे साथीदार आता वयाने झाले आहेत. त्यांच्या हाताखाली तरुण बसवले नाहीत, तर पुढे नट तयार झाले तरी त्यांच्या वाक्याखाली सूर धरायला कुणी नसेल. संगीत नाटकांच्या महोत्सवांवर आणि प्रयोगांच्या अनुदानावर पैसा खर्च होतो, त्यातला थोडा तरी तालमीकडे वळवा. एका प्रयोगाचं अनुदान संध्याकाळपुरतं असतं. एका तालीममास्तराचं वर्षाचं मानधन दहा नट उभे करतं.

आणि एक काम तर पुढच्याच वर्षी होऊ शकतं. सांस्कृतिक कार्य संचालनालयाची राज्य संगीत नाट्य स्पर्धा दरवर्षी होते, दूरदूरच्या हौशी संस्था कर्ज काढून तिथे उतरतात, आणि वर्षभर त्यांच्या तालमी या स्पर्धेच्या गुणांकडे बघून चालतात. तिथे गायनाचं पदक वेगळं आणि अभिनयाचं पदक वेगळं. मग संस्था गायनासाठी एक गळा शोधते आणि अभिनयासाठी एक नट, आणि नाटक त्या दोघांच्या मधे सांडतं. गाऊन भूमिका निभावणाऱ्या नटासाठी एक पदक ठेवा आणि ते सर्वांत मोठं ठेवा. परीक्षकांच्या गुणपत्रिकेत गद्यातून पदात जाणं आणि पदातून परत येणं याला एक रकाना द्या, पद चालू असताना समोरच्या पात्राच्या कामाला दुसरा. हे दोन रकाने छापले गेले की त्याच वर्षी रत्नागिरीपासून नागपूरपर्यंतच्या तालमींत दिग्दर्शक नटांना ते शिकवायला लागतील, कारण त्यांना ते शिकवावंच लागेल.